मेंदीची माणसं

"आता शेवटचा मुद्दा," आतून उत्तमराव सर म्हणाले, आणि बाहेर दाराशी स्टुलावर बसलेल्या जैनबबीनं गुडघ्यांवर हात टेकून उठायची तयारी सुरू केली. तयारीच म्हणायची, कारण छप्पन्न वर्षांच्या त्या गुडघ्यांना हल्ली आधी सांगून ठेवावं लागे, मग ते ऐकत.

"श्रीमंत शहरं झाली," आत सर बोटांवर मोजत होते. "जुन्या रोमचा वारसा झाला. पोथ्या कवटाळून पूर्वेकडून पळून आलेले पंडित झाले. चित्रकारांना घरी ठेवून पोसणारी मेंदीची माणसं झाली. ही सगळी पुस्तकातली कारणं. परीक्षेत एवढी लिहा, मार्क मिळतील. पण पोरांनो, खरा प्रश्न याच्या पुढं आहे. हे इटलीतच का झालं? आणि आपल्याकडं..."

सर खरंच 'मेंदीची माणसं' म्हणाले का, हे पुढं येईल. जैनबबीला तेवीस वर्षं तसंच ऐकू येत होतं.

इथवर धडा आला की तिला निघावंच लागे. कॉलेजची घंटा फाटकाजवळच्या कडुलिंबाला टांगलेली आणि सरांचा वर्ग इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. घंटा म्हणजे भंगारातून आणलेला रुळाचा हातभर तुकडा आणि तो बडवायला एक लोखंडी गज. ऑफिसात विजेची बेलही होती, पण शिरड शहापुरात लाईट कधी जाईल ते लाईटलाही ठाऊक नसतं. त्यामुळं तास सुरू करायचा आणि संपवायचा अधिकार जैनबबीकडे होता. बाकी तिच्याकडे झाडू, पाण्याची टाकी आणि सरलोकांचा चहा. कागदावर ती सेविका होती, पोरांची मावशी होती, आणि नोकरीला लागल्यापासून तिनं एकदाही घंटा उशिरा दिली नव्हती.

तिनं चार टोले दिले. वर्गातून पाच पोरं बाहेर आली. त्यातली प्रियदर्शनी बाटली भरायला टाकीपाशी आली तशी जैनबबीनं तिला गाठलं.

"का गं, पुढं काय म्हणले सर?"

"कशाच्या पुढं, मावशी?"

"ते इटलीचं. आपल्याकडं काहून न्हाई झालं, असं म्हणले ना?"

प्रियदर्शनीनं बाटलीचं झाकण लावता लावता आठवून पाहिलं. "पुढं? पुढं घंटाच झाली की."

जैनबबीनं कपाळाला हात लावला. एवढा मोलाचा मुद्दा आणि या लेकरांचं ध्यान घंटेकडे! गेल्या वर्षीच्या पोरानं हेच सांगितलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीच्या पोरीनंही. आजकालची पोरं ऐकतच नाहीत, असं तिनं ठरवून टाकलं आणि ती चहाचं आधण ठेवायला गेली.

बारावीच्या इतिहासातला हा पहिलाच धडा. शेकडो वर्षं झोपी गेल्यासारखा पडलेला मुलूख एकाएकी जागा कसा झाला, चित्रं, मूर्ती, पुस्तकं, नवे विचार यांना पुन्हा पालवी कशी फुटली आणि ती पहिल्यांदा इटलीतच का फुटली, हे त्यात होतं. सर हा धडा वर्षातून दोनदा शिकवत. एकदा जुलैत, आज झाला तो, आणि एकदा जानेवारीच्या शेवटी, परीक्षेची सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा तास म्हणून. म्हणजे जैनबबीनं तो पंचेचाळीसएक वेळा ऐकला होता. तिचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पुस्तकातली कारणं ती झाडता झाडता ओळीनं म्हणून दाखवू शकली असती. फक्त तिला तसं कुणी विचारलं नव्हतं.

खुद्द सरांना विचारायची हिंमत तिनं एकदाच केली होती. सर चकित झाले होते. "तुम्ही बाहेरून ऐकता होय?" असं म्हणून खूशही झाले होते. मग चष्मा काढून रुमालानं पुसत म्हणाले होते, "वर्गातच सांगतो की. एकदा शेवटपर्यंत ऐका."

"शेवटपर्यंत कसं ऐकू, सर? मला घंटा द्यायची राहती."

"हां, तेही खरंच," सर म्हणाले होते आणि हसले होते.

आता कुणी विचारील की चहापाण्याचं काम करणाऱ्या बाईला इटलीशी काय देणंघेणं. देणंघेणं होतं. तिच्या नवऱ्याचं होतं.

वासिफ पेंटर म्हटलं की वारंगा फाट्यापासून औंढ्यापर्यंत लोक ओळखायचे. ट्रकच्या मागच्या फळीवर तो मोर काढायचा. सगळेच पेंटर काढतात, पण वासिफचा मोर मान वळवून मागून येणाऱ्या गाडीकडे बघायचा. हॉटेलांच्या पाट्या, दवाखान्यांच्या भिंती, लग्नाच्या दारावरचे हत्ती, ताबुतांची वेलबुट्टी, सगळं त्याच्या हातचं. जैनबबी नोकरीला लागली त्याच वर्षी उत्तमराव सरांनी आपल्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर युरोपचा नकाशा काढून मागितला. वासिफनं चार दिवस घेतले. ट्रकसाठी आणलेल्या ऑइलपेंटमधून समुद्र निळा केला, आणि त्या समुद्रात सोडलेला इटलीचा पाय केला पिवळाधमक. सर पुस्तकातला नकाशा हातात धरून त्याच्या स्टुलाशेजारी उभे होते. पुस्तकात बघायचे, भिंतीकडे बघायचे. शेवटी म्हणाले, "वासिफभाई, तुम्ही तिकडं जन्मला असता ना, तर आज लोक तुमच्या भिंती बघायला गावोगावहून आले असते."

वासिफ हसून म्हणाला, "आन् इथं जन्मलो म्हून ट्रकवाले मागं बघत बघत गाडी हाकून राहिले, सर."

तिथं तो हसला. घरी मात्र जेवताना त्याचा घास हातातच राहिला. "सर ऐसा क्यों बोले होंगे?" त्यानं विचारलं. "वहाँ होता तो होता बोले. मग यहाँ क्यों नहीं होता?"

जैनबबीला काय माहीत! पण जुलैत धडा सुरू झाला, दाराबाहेर तिनं कान लावला आणि पळत घरी येऊन सांगितलं, "सुनो जी, वो लोगां मेंदीवाले थे! मेंदीची माणसं बोले सर. उनोंने पेंटरांको पाला घर में रखके."

वासिफला ते एकदम पटलं. हात रंगवणाऱ्यांनाच रंग कळणार, भिंत रंगवणाऱ्याची किंमत त्यांनाच असणार. "रंग की कदर रंगवालेकोच रहती," तो म्हणाला. मग पुन्हा त्याचा प्रश्न आलाच. "और अपने यहाँ? क्यों नहीं बोले?"

"घंटी हो गई."

"अगले टाइम सुनके आ. तू तो वहींच रहती ना."

तिनं कबूल केलं होतं. त्यानंतर दर जुलैत आणि दर जानेवारीत ती घरी आली की तो ब्रश धुता धुता नुसती मान वर करायचा, आणि ती म्हणायची, "घंटी हो गई." पुढं पुढं तो त्यांच्यातला थट्टेचा विषय झाला. पण थट्टेच्या खाली तो प्रश्न होता तसाच होता. मग फ्लेक्स आले. संगणकावर तासाभरात बॅनर निघू लागला, त्यात माणसाचा खराखुरा फोटो, मग पेंटर कुणाला हवा! दोन-तीन वर्षांत वासिफचे डबे वाळून खडखडीत झाले. शेवटी तो फाट्यावर दुसऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स खांबांना बांधायचं काम करू लागला. नऊ वर्षांपूर्वी पोटाचं दुखणं निघालं आणि दोन महिन्यांत आटोपलं. त्याला न्यायच्या आधी जैनबबीनं त्याचे हात पाहिले. नखं स्वच्छ होती. लग्न झाल्यापासून ज्या नखांत निळा, हिरवा काही ना काही रंग अडकलेला असायचा, ती नखं अशी धुतल्यासारखी बघून तिला जे रडू फुटलं ते मयतीला आलेल्या बायकांना आवरता आलं नाही.

तेव्हापासून त्या प्रश्नाचं उत्तर मिळवणं हे तिचं कर्तव्यच झालं होतं. लेकरूबाळ नव्हतं. नवऱ्याचं मागं उरलं ते एवढंच, एक भिंत आणि एक प्रश्न.

यंदाच्या जानेवारीत प्राचार्यांनी तिच्या हातात एक फाईल दिली. "हिंगोलीला अध्यक्षांकडं जाऊन या. सही घ्यायची आहे."

तिनं एसटीत खिडकीशी बसून फाईल उघडली. चौथी पास असली तरी ऑफिसचे कागद वाचायला ती नोकरीतच शिकली होती. येत्या जूनपासून कला शाखा बंद. वर्ग अकॅडमीला. इतिहासाचे शिक्षक उत्तमराव यांचं दुसऱ्या तालुक्यात समायोजन. सेविका आहे तिथंच राहील. म्हणजे तिच्या पोटावर पाय नव्हता. पण येत्या शुक्रवारचा तास हा इटलीचा शेवटचा तास ठरणार होता, आणि तो एकदा झाला की उत्तर जगात असूनही तिच्यासाठी संपलं. तिनं फाईल बंद केली, पुन्हा उघडली. अक्षरं तीच होती.

पण मग औंढा मागं पडेपर्यंत तिला एक गोष्ट सुचली आणि तिच्या जीवात थोडा जीव आला. संस्थेचे अध्यक्ष गुलाबसिंग शेठ हळदीचे मोठे आडते. हळद म्हणजे रंगच की! तिकडं मेंदीची माणसं होती, इकडं हळदीची आहेत. आजवर त्यांना कुणी नीट सांगितलंच नसेल. आपण सांगू.

हिंगोलीच्या हळद बाजारात पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत ती दुकानात पोचली. हवेत पिवळी भुकटी होती, हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या होत्या. शुभशकुन आहे, तिला वाटलं. काचेच्या खोलीत गुलाबसिंग फोनवर भाव बोलत होते. बाजूच्या खुर्चीवर त्यांची मुलगी मिना स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक घेऊन बसली होती. शेठ माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, फाईल उघडली आणि पेन काढलं.

"शेठ, एक बोलू का?"

"बोला ना, मावशी."

"आर्टचा वर्ग बंद नका करू."

शेठनी पेन खाली ठेवलं. "मला का हौस हाय, मावशी? पण पोरं कुठायत? अकरावीचं सगळं ऑनलाईन झालं, आर्टला फॉर्मात आपलं कॉलेज कोणी भरूनच न्हाई राहिलं. बारावीची ही पाच गेली की वर्ग रिकामा. पालक म्हणतात डॉक्टरकीची अकॅडमी काढा."

"बराबर हाय तुमचं. पन तिकडं इटलीत सुरुवातीला कुठं कोण होतं?" जैनबबीनं वाटेत घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. "तितं मेंदीची माणसं होती, शेठ, तुमच्यासारखीच. रंगाचा धंदा. तेंनी रंगवणाऱ्यांना पोसलं, शिकणाऱ्यांना पोसलं, म्हून तो मुलूख जागा झाला. तुमी हळदीचे. तुमी मनावर घेतलं तर इथंबी हुईल."

शेठ तिच्याकडे बघतच राहिले. "मेंदीवाले? कोण मेंदीवाले?"

पुस्तकातून मिनाचं डोकं वर आलं. क्षणभर तिला कळलं नाही, मग कळलं आणि ती खुदकन हसली. "मेदिची म्हणायचंय का तुम्हाला? अहो मावशी, मेदिची हे आडनाव आहे. मेंदीची नाही. मेंदीशी त्यांचा काही संबंधच नाही."

"मग कशाचा धंदा होता तेंचा?"

"बँकर होते. सावकार म्हणा, पेढीवाले. मागच्या पेपरला आला होता हा प्रश्न." आणि वडिलांकडे वळून ती म्हणाली, "किती गोड ना, पप्पा? मेंदीची माणसं!"

शेठही हसले. दारात चहा घेऊन आलेला माणूस काही न कळताच हसला. त्या हसण्यात कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, आणि म्हणूनच जैनबबीला रागावताही येईना. तिचे कान तापले. मेदिची. ची तर आपली रोजची, घरची ची, शेताची ची, तिकडच्या लोकांच्या आडनावात ती असेल हे कुणाच्या ध्यानात येणार! पण स्वतःच्या फजितीचं तिला तेवढं वाटलं नाही. वासिफला आपण जन्मभर भलतंच सांगितलं. रंगाची कदर रंगवाल्यालाच, हे बोल उराशी धरून तो गेला, आणि ते एका आडनावाच्या चुकीवर उभे होते. याचं तिला इतकं वाईट वाटलं की समोरचा चहा तिनं तसाच बाजूला सारला.

"कलेचं मला वावडं न्हाई हां, मावशी," शेठ सही करता करता म्हणाले. "दर दसऱ्याला ऑर्केस्ट्रा आणतो, तुमी बघितलाच असेल. बरं, प्राचार्यांना निरोप द्या. तो मोठा वर्ग पांढरा करून घ्या, स्क्रीन लागणार हाय तिथं. मागच्या भिंतीवर काहीतरी जुनं काढेल हाय ना? ते आधी घासून काढा. ऑइलपेंट हाय ते, न्हाईतर पांढऱ्यातून वर येत राहतं."

"व्हय," जैनबबी म्हणाली.

निघताना शेठनी तिला हळदीची पुडी दिली. घरची आहे, नमुन्याला ठेवलेली, भाजीचा रंग बघा म्हणाले. ती पुडी आणि सही झालेली फाईल मांडीवर घेऊन ती एसटीत बसली. जाताना ज्या खिडकीतून तिला हळदीची शेतं दिसली होती, तिथूनच आता तिला काही दिसत नव्हतं. मेंदी गेली. सावकार तर इथंही होते, पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांनी कुठं कुणाचा मोर बघितला? मग तिकडंच का? आणि इकडं का नाही? पुस्तकातली कारणं तिच्या हातून निसटली होती. आता एकच माणूस उरला होता, ज्याला खरं कारण माहीत होतं आणि जो ते तासाच्या शेवटी सांगत होता.

यावेळी शेवटपर्यंत ऐकायचं, तिनं ठरवलं. घंटा द्यायची नाही.

शुक्रवार उजाडला. वर सायन्सच्या पोरांचं प्रॅक्टिकल होतं, त्यांना घंटेची गरज नव्हती. प्राचार्य पंचायत समितीत गेले होते. बारावीच्या वर्गात चौघं आली, पाचवा शेतात हळद काढायला गेला होता. जैनबबीनं स्टूल नेहमीपेक्षा पुढं सरकवलं, अगदी दाराच्या फळीमागं, जिथल्या फटीतून फळा, सर आणि मागची भिंत असं तिन्ही दिसत होतं.

सर सुरेख शिकवत होते. बदलीचं त्यांना कळलं होतं, तरी आवाजात कुठं ते आणलं नव्हतं. श्रीमंत शहरं झाली. रोम झालं. पंडित झाले. "आणि मेदिचीसारखी घराणी," सर म्हणाले, आणि यावेळी तिला लखलखीत ऐकू आलं की ते पहिल्यापासून मेदिचीच म्हणत होते.

"आता शेवटचा मुद्दा."

गुडघे सवयीनं हलले. तिनं ते हातांनी दाबून धरले.

"ही पुस्तकातली कारणं. खरा प्रश्न याच्या पुढं आहे. हे इटलीतच का झालं? आणि आपल्याकडं का नाही झालं? आपल्याकडं काय नव्हतं? बुद्धी नव्हती? हात नव्हते?"

आणि सर थांबले.

जैनबबीनं कान फटीला लावला. तेवीस वर्षांत हे वाक्य पुरतं असं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. आता येणार. सरांनी डस्टर उचललं, फळ्याचा एक कोपरा पुसला. मग दुसरा पुसला. मग सगळा फळा पुसून झाला तरी ते पुसतच राहिले. विचार जुळवत असतील, तिला वाटलं. मोठं उत्तर आहे, वेळ लागणारच.

"हात नव्हते?" सर पुन्हा म्हणाले. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मग खिडकीतून बाहेर, कडुलिंबाकडे पाहिलं.

"मग काहून न्हाई झालं, सर?" प्रियदर्शनीनं विचारलं. इतक्या वर्षांत कुणा पोरानं विचारलं असेल तर ते हे पहिलंच.

"सांगतो." सर टेबलावरचं पाणी प्याले. "म्हणजे बघा... आपल्याकडं..." त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, पुन्हा कडुलिंब पाहिला, आणि मग दाराकडे पाहिलं. ती फळीमागं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांचं सगळं तोंड तिला दिसलं. वारंगा फाट्यावर गाडी चुकलेली माणसं रस्त्याकडे बघत उभी असतात, तसं ते तोंड होतं.

तेव्हा तिला कळलं. सरांकडे उत्तर नव्हतं. कधीच नव्हतं. दरवर्षी दोनदा ते इथवर येत आणि घंटेची वाट बघत, आणि ती घंटा देणारी बाई एकदाही उशीर न करता ती देत आली होती. पोरं खरं तेच सांगत होती. पुढं घंटाच होती.

तिला संताप आला. एवढा संताप तिला हिंगोलीतही आला नव्हता. वासिफ मान वर करून विचारायचा, आणि मी म्हणायची घंटी हो गई! चौदा वर्षं माणूस वाट बघत राहिला, मरून गेला, आणि इथं नुसता फळा पुसणं चाललं होतं? राहा उभे, ती मनात म्हणाली. संध्याकाळपर्यंत राहा. मी नाही उठत.

सर टेबलापासून निघून बाकांमधून चालत मागच्या भिंतीपाशी गेले. त्यांनी पिवळ्या पायावर खडूनं माखलेला तळवा ठेवला. "हा नकाशा बघा," ते म्हणाले. "तुम्ही दोन वर्षं याला पाठ करून बसलात. हा आपल्या शिरडच्या माणसानं काढलाय. छापील नकाशा आणि हा, एक रेघ इकडची तिकडं नाही. हा माणूस... हा माणूस शेवटी..."

ते भिंतीकडे तोंड करून तसेच उभे राहिले. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मागच्या बाकावरच्या एकानं शेजाऱ्याला कोपर मारलं आणि दोघांच्या तोंडावर हसू यायला लागलं. निर्मळच हसू, त्यात काळंबेरं नव्हतं.

ते हसू जैनबबीला चांगलंच ओळखीचं होतं. चार दिवसांपूर्वी काचेच्या खोलीत ते तिच्या वाट्याला आलं होतं.

ती उठली. गुडघा दुखला का नाही, तिला आठवत नाही. व्हरांडा, मैदान, फाटक, आणि तिनं गज उचलून रुळावर घातला. एक, दोन, तीन, चार. चारवर थांबायचं असतं. ती थांबली नाही. वरून सायन्सची पोरं खिडक्यांत जमली, रस्त्यावरचा टेम्पोवाला वळून बघू लागला, तेव्हा कुठं तिचा हात खाली आला.

चौघं पोरं निघून गेल्यावर सर फाटकापर्यंत आले. पिशवी खांद्याला होती, सदऱ्याच्या बाहीला खडूचा पांढरा डाग होता.

"आज जरा उशीर झाला, जैनबबी."

"घड्याळ मागं पडलं होतं, सर. माझी चूक."

सर रुळाकडे बघत राहिले. तो अजून बारीक गुणगुणत होता. "बरं झालं दिली," ते म्हणाले, आणि फाट्याच्या रस्त्याला लागले.

ती बादली घेऊन वर्गात गेली. बाकं सरळ केली, फळ्याखालचा खडूचा चुरा गोळा केला. भिंत सोमवारी घासायची होती. घासायचा कागद आणून ठेवला होता, खरखरीत, जाड. पिवळ्या इटलीवर सरांच्या तळव्याचा पांढरा ठसा उमटला होता, पाची बोटांसकट. तिनं पदराचं टोक पाण्यात भिजवून पिळलं आणि तो ठसा हळूहळू पुसून काढला. खालचा रंग तेवीस वर्षांनीही तसाच होता.

"घंटी हो गई," ती भिंतीला म्हणाली, आणि बादली उचलून बाहेर आली.